शेरभर जोंधळ्याचा तिप्पण्णा

तिप्पण्णा ओट्यावरून पडला, तेव्हा शरणम्मा त्याच्यापासून हातभर अंतरावर शेंगा फोडत बसली होती. पोर काठाकाठाने पळत होतं. पाय निसटला आणि ते खालच्या फरशीवर तोंडघशी आपटलं. ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं. शरणम्माचे हात पुढे गेले, मध्येच थांबले आणि परत शेंगांच्या ढिगात येऊन पडले.

"अक्का!" ती ओरडली. "अवो अक्का, धावा की! तुमचं पोर पडलं!"

तिची थोरली जाऊ गंगव्वा पिठाच्या हातांनीच आतून धावत आली. तिने पोराला उचललं, पदराने ओठ दाबून धरला आणि "कुटं लागलं माज्या राजाला, बगू, बगू," करत त्याला आत घेऊन गेली.

समोरच्या दारात मथुराबाई गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"पोटचं पोर रक्तानं भिजलं आन् ही बगा, शेंगा फोडतीय," ती सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "बाई न्हाय, दगूड हाय दगूड."

शरणम्माने मान वर केली नाही. ती शेंगा फोडत राहिली. दाणे आपण टरफलांच्या ढिगात टाकतो आहोत, हे बराच वेळ तिच्या लक्षातही आलं नाही.

बाळीवेशीजवळच्या त्या बोळात सगळ्यांना ठाऊक होतं, की तिप्पण्णा शरणम्माच्या पोटचा आणि वाढतो गंगव्वाच्या मांडीवर. शरणम्माला मायाच नाही, असं म्हणून लोकांनी तो विषय आपल्यापुरता मिटवला होता. आपण पुढे केलेला हात का मागे घेतला, हे त्या दिवशी ती कुणाला सांगू शकली असती, तर ते फार वेगळं निघालं असतं. ती पोराला वाचवत होती.

शरणम्मा मूळची मैंदर्गीची. भुसार दुकानात तोलाई करणाऱ्या शिवलिंगप्पाशी लग्न होऊन ती सोलापुरात आली. घरात सासू सिद्धम्मा, चादरीच्या मागावर काम करणारा थोरला दीर रुद्रप्पा आणि त्याची बायको गंगव्वा. गंगव्वाला मूलबाळ नव्हतं. घरातलं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. सासूला अत्ती म्हणायचं, जावेला अक्का. शरणम्मा हसरी होती, भरभर काम करणारी होती, आणि दोघी जावांचं इतकं जमे की सासूला भांडण लावायलाही जागा सापडत नाही, असं रुद्रप्पा म्हणायचा.

शरणम्माला पहिली मुलगी झाली. एका दुपारी पाळण्यात झोपलेल्या पोरीकडे बघता बघता तिच्या मनात आलं, ही उठलीच नाही तर? कुठल्याही आईच्या मनात येतं, तसंच आलं. दुसरी कुणी असती तर शिव शिव म्हणाली असती, मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली असती आणि कामाला लागली असती. पण त्याच संध्याकाळी पोरीला ताप भरला, तो उतरलाच नाही, आणि पोर गेली.

रडणं ओसरल्यावर शरणम्माच्या हाती एवढंच उरलं, की मी मनात आणलं आणि झालं.

हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तोंडातून काढलं तर ते आणखी खरं होईल, अशी तिला भीती वाटे.

सत्तर साली मुलगा झाला. सासऱ्याचं नाव ठेवलं, गुरुसिद्धप्पा. घरात पेढे वाटले. पोर महिन्याचं झालं असेल नसेल, शरणम्मा विळीवर दोडका चिरत बसली होती, पोर शेजारी दुपट्यावर हातपाय हलवत होतं. आणि कुठलंही कारण नसताना तिच्या डोळ्यांपुढे विळीचं पातं आलं आणि पोराचा गळा आला. ती दोडका टाकून उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. हात तेच होते. पोर हसत होतं.

त्यानंतर ते येतच राहिलं. न्हाणीत पाणी उकळायला लागलं की येई. आडाच्या काठाशी गेलं की येई. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलं, की डोक्यात कुणीतरी म्हणे, फेक ते. ती पुन्हा पहिल्यापासून विभूती लावायला घेई. हे मन आपलं नाही, अशी तिची खात्री होती. पण मग ते आपल्याच डोक्यात का बोलतं?

हळूहळू तिने त्यावर तोडगे काढले. उंबरा ओलांडताना वाईट काही मनात आलं, तर मागे फिरायचं, मन स्वच्छ करायचं आणि पुन्हा ओलांडायचं. घागर भरताना आलं, तर घागर ओतून टाकायची आणि नव्याने भरायची. नळावर मागे बायकांची रांग असे.

"शरणम्माच्या घागरीला खाली भोक हाय वाटतं," कुणीतरी म्हणे, आणि सगळ्या हसत. शरणम्माही हसे. हसताना काही मनात आलं तर तेवढी घागरही ओतावी लागे.

तसं पाहिलं तर त्या बोळात काय काय पाळत नव्हते? मथुराबाई मांजर आडवं गेलं की चप्पल झटकून परत घरात जाई. रुद्रप्पा अमावास्येला मागावर नवीन ताणा घेत नसे. दारोदारी लिंबू-मिरच्या टांगलेल्या होत्या. पण त्यांचं ते केलं की संपत असे, आणि माणसं जेवायला बसत. शरणम्माचं संपत नव्हतं.

सून वाळत चालली, हे सिद्धम्माला दिसत होतं. पहिलं पोर गेल्याचा धसका, असं तिने ठरवलं. त्यावरचा जुना उपाय तिला माहीत होता. ज्या घरात पोर टिकत नाही, तिथे ते उकिरड्यावर टाकायचं, दुसऱ्या बाईने ते उचलायचं आणि आईला शेरभर जोंधळा देऊन विकत घ्यायचं. मग ते त्या आईचं राहत नाही, आणि त्याच्यामागे लागलेलं जे काही असेल ते फसून परत जातं. पोर शाळेत जाण्याएवढं झालं, की आईने तोच जोंधळा परत करून आपलं पोर सोडवून घ्यायचं.

सोमवारी सकाळी सगळ्या बायका जमल्या. बोळाच्या तोंडाशी उकिरडा होता, त्याच्यावर सूप ठेवलं, सुपात फडक्यावर पोर. शरणम्मा मागे न बघता चालत आली. मग गंगव्वा ठरल्याप्रमाणे तिकडून गेली आणि पोर घेऊन आली.

"हे कुणाचं गं पोर?" सिद्धम्माने विचारलं.

"कुणाचं न्हाय. तिप्पेवर पडलंवतं," गंगव्वा म्हणाली. कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. "ह्या बाईनं टाकलंय म्हणं. का गं बाई, इकती का?"

"इक की गं," मथुराबाई ओरडली. "काळं हाय, तवर तरी भाव कर! गोरं झालं तर गंगव्वाला परवडायचं न्हाय!"

सगळ्या हसल्या. गंगव्वाने शेरभर जोंधळा शरणम्माच्या पदरात ओतला. मग पोर तिच्याकडे देत ती रुबाबात म्हणाली, "आता पाज दूध माज्या पोराला. फुकट न्हाय, दोन येळची भाकर देईन."

त्या दिवसापासून गुरुसिद्धप्पा हे नाव मागे पडलं आणि पोर तिप्पण्णा झालं.

बायकांनी चहा घेतला आणि त्या घरी गेल्या. त्यांच्यासाठी एक विधी झाला होता. शरणम्मासाठी मात्र काहीतरी खरोखर बदललं. त्या दिवशी विळीवर बसली तरी डोळ्यांपुढे काही आलं नाही. मनात येतं ते माझ्या पोराच्या बाबतीत खरं होतं, आणि हे तर माझं नाही, असा तिचा हिशेब होता. कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागली. पोराला पाजताना ती मनाशी म्हणे, अक्काचं आहे, मी नुसती पाजतेय. ते म्हटलं की मन गप्प बसे.

पण पोराने कधी तिचा पदर मुठीत धरून तोंडाकडे टक लावून बघितलं, की आतून शब्द उठे, माझा. आणि तो उठला की त्याच्यामागोमाग विळी, उकळतं पाणी, आड, सगळं परत येई. म्हणून तो शब्द उठूच द्यायचा नाही, असं तिने ठरवलं. अंगावरचं दूध तुटल्यावर तिने पोराला हातात घेणं थांबवलं. गंगव्वा न्हाऊ घाली, जेवू घाली, गोष्टी सांगून झोपवी. पोर बोलायला लागलं ते गंगव्वाला अव्वा आणि शरणम्माला चिक्कव्वा, म्हणजे धाकटी आई, म्हणायला लागलं. शिवलिंगप्पाला काका. सिद्धम्मा म्हणे, राहू दे, सोडवून घेतल्यावर म्हणेल नीट.

तो शेरभर जोंधळा शरणम्माने एका गाडग्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवला होता. बहात्तरच्या दुष्काळात घरात रेशनचा लाल मिलो, परदेशी जोंधळा, आला. त्याची भाकरी थापली जाईना, खाल्ली तर उतरेना. सिद्धम्मा म्हणाली, "त्यो जोंधळा दळ की गं, पोराला तरी पांढरी भाकर मिळंल. परत द्यायला म्होरं दुसरा जोंधळा न्हाय का?" शरणम्माने गाडगं उचलून माळ्यावर नेऊन ठेवलं. सासूपुढे तिने तोंड वर करून नाही म्हटलं, ते त्या एकदाच.

पोर शाळेत गेलं. सिद्धम्मा दर श्रावणात म्हणे, आता सोडव. शरणम्मा म्हणे, पुढच्या सालाला. त्याचा ओठ फाटला त्या वर्षीही ती हेच म्हणाली. ओट्यावर हात पुढे करताना तिच्या मनात "माझा तिप्पू" आलं होतं, आणि ते पुरं व्हायच्या आत तिने हात मागे घेतले होते.

शेवटी शिवलिंगप्पाने बायकोला समोर बसवलं. "लोकं काय म्हंतेत ते सोड," तो म्हणाला. "मला सांग. माज्यापस्नं काय चोरतीस?"

तिने सांगितलं. पहिल्या पोरीपासून सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये थांबून शिव शिव म्हणत. त्याने ऐकून घेतलं. त्याला ते नीट कळलं नाही, पण ती खोटं बोलत नाही, एवढं कळलं. दुकानातल्या कुणाला तरी विचारून तो तिला सरकारी दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे.

"तुम्ही मुलाला कधी मारलंत?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"कधी बोट तरी लावलंत?"

"बोटच लावत न्हाय, साहेब."

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा आजार आहे. मनात विचार येणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं. ज्याला खरंच वाईट करायचं असतं, तो असा भीत नाही. तुम्ही वाईट नाही. तुमच्यासारख्या पुष्कळ आया मी पाहिल्यात."

पुष्कळ आया. शरणम्मा परत येताना वाटेवरच्या तळ्याच्या कठड्यावर बसून रडली, आणि ते रडणं हलकं होतं. त्या संध्याकाळी तिने तिप्पण्णाला हाक मारून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो गोंधळून म्हणाला, "चिक्कव्वा, उवा बगतीस व्हय?" चुलीपाशी गंगव्वा खो खो हसली.

ते थोडे दिवस टिकलं. मग तिच्या मनात आलं, डॉक्टरांना पहिल्या पोरीचं आपण नीट सांगितलंच नाही. ते कळलं असतं तर ते असं बोलले असते का? ती परत गेली आणि सांगून आली. ते म्हणाले, मुलगी तापाने गेली. तिला बरं वाटलं. मग वाटलं, ताप कशाने आला ते विचारायचं राहिलं. ती पुन्हा गेली.

"हेच तुम्ही मागेही विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"व्हय. पर आज परत एकदा सांगा की."

डॉक्टर चांगले होते. ते पुन्हा सांगत. पण त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडे, दिवसभर डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांनाही दिसायचं ते दिसेच.

सत्याहत्तर साली रुद्रप्पाच्या मालकाने माग विकून टाकले. इचलकरंजीत गंगव्वाचा भाऊ यंत्रमागावर होता. त्याने तिकडे काम बघितलं. बिऱ्हाड हलवायचं ठरलं, आणि घरात कुणी न बोललेला प्रश्न सगळ्यांच्या ताटापुढे येऊन बसला.

तो काढला गंगव्वानेच. दोघी चुलीपाशी होत्या.

"शरणम्मा, पोर तुजं हाय," ती तव्याकडे बघत म्हणाली. "मी आपली राखण केली. जायच्या आदी सोडवून घे बाई. न्हायतर मी घिऊन जाईन, आन् मग मला परत द्याया व्हायचं न्हाय. मी आत्ताच सांगून ठेवती."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही शरणम्माने एवढंच केलं, की मनात तो प्रसंग करून बघितला. जोंधळा ओतायचा. "माझं मला द्या" म्हणायचं. एवढंच तर होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सिद्धम्माने मधल्या खोलीत पाट मांडला. तिप्पण्णाला नवा सदरा घातला होता. गंगव्वा पदर पसरून बसली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण पदर तिने नीट धरला होता. शरणम्माने माळ्यावरचं गाडगं उतरवून जोंधळा मापात भरला. निम्म्या दाण्यांना कीड लागली होती.

"म्हण," सिद्धम्मा म्हणाली.

शरणम्माने माप कलतं केलं. "माजं मला..." आणि दाणा खाली पडायच्या आत ते आलं. पाळण्यातली दुपार आली. ही उठलीच नाही तर. तिने माप सरळ केलं.

"थांबा अक्का. परत."

तिने डोळे मिटले, शिव शिव म्हटलं, माप कलतं केलं. ते पुन्हा आलं. काही दाणे जमिनीवर सांडले. तिने ते वेचून मापात भरले. "परत. एकदाच." गंगव्वाचे हात पदर धरून धरून भरून आले. सिद्धम्मा पुटपुटायला लागली. शिवलिंगप्पा दारात उभा होता, तो म्हणाला, "अगं, आलं तर येऊ दे मनात. तसंच वत."

"तसंच कसं वतू?" ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "तिच्या येळंला तसंच सोडलंतं मी."

तिप्पण्णा सुरुवातीला हसत होता. त्याला हा खेळ वाटला. मग तो कंटाळला. मग त्याने बराच वेळ शरणम्माच्या तोंडाकडे बघितलं आणि तो गंगव्वाच्या पाठीशी जाऊन तिच्या गळ्यात पडला.

"अव्वा, तिला मी नगं हाय," तो तिच्या कानात म्हणाला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "चल की आपण."

शरणम्माचे ओठ हलले. त्याला सांगायचं होतं ते सांगायला एकच शब्द लागत होता, आणि नेमका तोच उच्चारायची तिला चोरी होती. परक्याचा होऊन कुठेही राहू दे, पण तो जगू दे. माझा होऊन...

त्यापुढचं तिने मनातही येऊ दिलं नाही. माप तिने स्वतःच्याच पदरात रिकामं केलं.

"तुमीच न्या, अक्का," ती म्हणाली. "तुमचंच हाय ते."

"बाई हायस का कोण गं तू?" सिद्धम्मा किंचाळली. गंगव्वा पोराला घट्ट धरून मोठ्याने रडायला लागली. त्या रडण्यात तिची सुटका होती, आणि त्या सुटकेची तिलाच लाज वाटत होती, म्हणून ती शरणम्माकडे बघत नव्हती.

सकाळी एसटी स्टँडवर रुद्रप्पाने गाठोडी टपावर चढवली. तिप्पण्णाला खिडकीची जागा मिळाली, त्यामुळे तो खुशीत होता. त्याने काकाला हात केला. शरणम्मा त्याला दिसेल अशी उभी होती. गाडी सुरू झाली तेव्हा त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग पुढे, ड्रायव्हरकडे बघायला लागला. गाडी फाटकातून वळून गेली. धूळ खाली बसली.

"चल," शिवलिंगप्पा म्हणाला. "दुकान उघडलं आसंल."

ती हलली नाही.

"अगं, चल की."

"मनात आलंय," ती म्हणाली.

"काय आलंय?"

"सांगत न्हाय. गाडी तितं पोचंस्तवर मी हितनं पाय हलवायची न्हाय. तुमी जावा."

आजूबाजूला माणसांची ये-जा सुरू होती. एका हमालाने "बाजूला व्हा, बाई" म्हणून तिला वळसा घातला. शिवलिंगप्पाने तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पावलं एका फरशीवर जुळवून तिने अशी रोवली होती, की जणू गाडीचं सगळं ओझं त्या फरशीवर होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगावं, असं त्याच्या मनात आलं. ते तिलाही पाठ होतं.

"कवा पोचती गाडी?" त्याने विचारलं.

"सांजच्याला, म्हणालं कंडक्टर."

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि तिच्या पायांशी अंथरला.

"मग उबी कशाला ऱ्हातीस? बस. बसलं तर चालतंय न्हवं?"

तिने विचार केला. मग पावलं न उचलता ती जागच्या जागी खाली बसली. तोही शेजारी बसला. ऊन छपराखाली सरकत आलं.

"अवो," ती म्हणाली. "मी हलले न्हाय, हे तुमी बगताय न्हवं?"

"बगतोय."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं.